म्हातारीचा भोपळा आणि सकस आहाराची चित्रपुस्तके

बालकांच्या चित्रपुस्तकांकडे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने गांभीर्याने पाहावे, असे म्हटले की आमच्या क्षेत्रात अजूनही थोडे स्मित उमटते. हा विषय बालशिक्षणाचा, फार तर आरोग्यखात्याचा, अशी आपली समजूत आहे. परंतु सकस आहार आणि व्यायाम यांविषयी अनेक भारतीय भाषांतून एकाच वेळी निघणारी चित्रपुस्तके वाचताना मला वाटू लागले आहे की, येथे केवळ जीवनसत्त्वांचा नव्हे, तर कथनपरंपरेचाही प्रश्न गुंतलेला आहे.

या पुस्तकांचा साचा बहुधा ठरलेला असतो. एक मूल पालेभाजी नको म्हणते, तळलेले आणि गोड मागते, घरात बसून लठ्ठ होते, धावताना मागे पडते. मग आई, शिक्षिका किंवा एखादे बोलके गाजर त्याला शहाणे करते. चित्रे तीच राहतात, मजकूर तेवढा भाषेभाषेत बदलतो. अनुवादकाला कोठेही अडखळावे लागत नाही, आणि मला शंका येते ती याच सुलभतेची. ज्या पुस्तकात कोणाचेच स्वयंपाकघर नाही, ते कोणत्याही भाषेत विनासायास जाणारच.

याउलट आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीची कथा पाहावी. वाटेत वाघ-कोल्हे खावयास टपलेले. त्यांना ती सांगते की लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, चांगली जाडजूड होऊन परतते, मग खा. याच कथेचे बंगाली रूप उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या १९१० सालच्या ‘टुनटुनिर बोइ’ या संग्रहात आहे. तेथे म्हातारी कुबडी आहे, ती नातीकडे जाते, आणि परतते ती भोपळ्यात नव्हे, दुधीच्या पोकळ कवचात बसून. तपशील बदलले, पण गाभा तोच राहिला. दोन्हीकडे जाड होणे ही शिक्षा नाही. ती म्हातारीने मृत्यूकडून मिळवलेली मुदत आहे. खाणे म्हणजे माहेरपणाचे उलटे रूप: लेकीने आईला पोसणे. (आहाराच्या तक्त्यात भोपळा ‘अ’ जीवनसत्त्वासाठी असतो, कथेत तो वाहन आहे. मुलांना कोणता भोपळा लक्षात राहतो, हे सांगावयास नको.)

हा भेद पूर्व-पश्चिमेचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. एरिक कार्ल यांचे भुकेल्या सुरवंटाचे पुस्तक १९६९ साली निघाले. शनिवारी केक, आइस्क्रीम, सॉसेज असे नाना पदार्थ खाऊन सुरवंटाचे पोट दुखते आणि रविवारी एका हिरव्या पानाने त्याला बरे वाटते. एवढ्यावरून ते आहारशिक्षणाच्या उपयोगास लावले जाते. पण त्यानंतर सुरवंट लठ्ठ झालेला आहे आणि त्या लठ्ठपणातूनच फुलपाखरू होते, हे शिकवताना सोयीस्करपणे विसरले जाते. सुरवंट आपल्या म्हातारीचा जवळचा नातलग आहे.

आता आपल्या वाचकाकडे वळू. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली होती. वजन प्रमाणाबाहेर असलेली मुले ३.४ टक्के. दुसरा आकडा वाढतो आहे, आणि गावच्या टपरीवरही रंगीत पुड्या लटकलेल्या असतात. तेव्हा वैद्यांची चिंता खोटी म्हणता येणार नाही. तथापि, नको म्हणणाऱ्या मुलासाठी एवढी पुस्तके, आणि ज्याला मागूनही मिळत नाही ते मूल चित्रात कोठेच नाही, हे साहित्याच्या दृष्टीने असत्य आहे. व्यायामाचेही तसेच. सकाळी दोन हंडे पाणी आणून शाळेत आलेल्या मुलीला ‘रोज थोडे चाला’ असे सांगणारे पान तिने कोणत्या चेहऱ्याने वाचावे? तिला हवी आहे ती लगोरी खेळण्याएवढी सवड.

वेगळी वाट अगदीच अनोळखी नाही. हैदराबादच्या ‘अन्वेषी’ या संस्थेच्या ‘डिफरंट टेल्स’ मालिकेत मोहम्मद खदीर बाबू या तेलुगू लेखकाची ‘हेड करी’ ही गोष्ट आली. चित्रे गुलाममोहम्मद शेख यांची. मुंडीचे कालवण करणारे घर तेथे लाजत नाही, कोणास उपदेशही करीत नाही. अशा पुस्तकाचा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्याला पहिल्याच पानावर प्रश्न पडेल: कालवण म्हणावे, रस्सा म्हणावा की सालन तसेच ठेवावे? प्रत्येक शब्दामागे एक वेगळी पंगत बसलेली आहे, आणि कोणती पंगत ‘प्रमाण’ हे आजवर कोणी ठरवले, तेही त्याला विचारावे लागेल.

आपल्या विभागांतून लोककथांची रूपे गोळा होतात, कथाबीजांना क्रमांक दिले जातात आणि सूची कपाटात जाते. त्याच कपाटातली म्हातारी, तिच्या सर्व भाषांतल्या लेकी-नातींसह, एखाद्या चित्रकाराच्या हाती द्यावी, आणि तिच्या ताटात काय वाढायचे हे त्या त्या भाषेतल्या बायकांना विचारावे.