पाण्याचा मोबदला आणि माणसाची मुखत्यारी

श्रावण सरता सरता बारवी धरण भरल्याची वार्ता आली की उल्हासनगरपासून अंबरनाथ-बदलापूरपर्यंतच्या नागरिकांचा जीव भांड्यात पडतो. उन्हाळ्यातील पाणीकपातीचे संकट वर्षापुरते टळले, एवढाच त्या वार्तेचा अर्थ आपण घेतो. त्यात वावगे काही नाही. शहरवासीयाने नळाकडे पाहावयाचे नाही तर कोठे पाहावयाचे? परंतु त्या पाण्याखाली एक प्रश्न बुडालेला आहे, आणि सकाळची गाडी गाठण्यासाठी धावणाऱ्या आमच्या वाचकांचाही त्याच्याशी निकटचा संबंध आहे, असे आम्हांस वाटते. मनुष्यास समाधान मिळकतीने लाभते, की आपल्या कामाचा आपण मुखत्यार असण्याने?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालची. त्या महामंडळाने बारवी नदीवर बांधलेले हे धरण १९७२ साली पूर्ण झाले. पुढे कारखाने वाढले, वस्ती त्याहूनही वाढली, आणि धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवीत नेण्यात आली. अखेरच्या टप्प्यातील वाढीव उंचीपर्यंत २०१९ च्या पावसाळ्यात पाणी प्रथमच साठले. आज धरणाची क्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर आहे. या वाढीव पाण्याने मुरबाड तालुक्यातील तोंडली, मोहघर, काचकोली आदी गावपाडे गिळले. बाराशेच्या आसपास कुटुंबे बाधित ठरली. त्यांनी अनेक वर्षे लढा दिला. घरटी एक नोकरी द्यावी, ती महामंडळात अथवा हे पाणी उचलणाऱ्या नगरपालिका-महानगरपालिकांत असावी, असा निर्णय त्या लढ्यातून पदरात पडला. निर्णय न्याय्यच आहे. ज्यांच्या शेतावर आपले पाणी उभे आहे त्यांना आपल्या नगरपालिकेत जागा मिळावी, याबद्दल कोणी नाक मुरडील तर त्याच्या कृतघ्नपणाची कीव करावी लागेल.

तथापि ‘कायमची नोकरी मिळाली, आणखी काय हवे?’ हा जो सूर पांढरपेशा वर्गात सहज निघतो, त्यापाशी आम्ही अडतो. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी असा क्रम आपल्या पूर्वजांनी लावला होता. आपण तो गेल्या शंभर वर्षांत नेमका उलटा केला, आणि तो का उलटला याची कारणेही सबळ आहेत. पावसाच्या लहरीवर पोट सोपविण्यापेक्षा महिनाअखेरचा पगार बरा, हे कोण नाकारील? पण पूर्वजांच्या त्या क्रमात उत्पन्नाचा हिशेब होता तसा आणखीही एक हिशेब होता. मुरबाडकडील भातशेतकरी राब कधी भाजावयाचा, पेरा कोणत्या नक्षत्रावर धरावयाचा, आवणी आज लावावयाची की दोन दिवस थांबावयाचे, वरकस तुकड्यात नाचणी घ्यावयाची की वरी, हे सारे स्वतः ठरवितो. चुकला तर उपाशी राहतो. पण चूक त्याची स्वतःची असते. तोच मनुष्य महापालिकेच्या हजेरीपटावर गेला की त्याचे पोट भरते, मुलांच्या शाळेची सोय होते, आजारपणाचे भय कमी होते. मात्र कोणत्या वेळी, कोणत्या गल्लीत, कोणते काम करावयाचे हे दुसरा ठरवितो. वयाच्या चाळिशीपर्यंत ज्याने ऋतूखेरीज कोणाचा हुकूम मानला नाही, त्याला मुकादमाचा हुकूम मानावयास शिकावे लागते. या बदलाची किंमत मोबदल्याच्या कोणत्याच तक्त्यात मांडली जात नाही.

आम्ही शेतीचे गोडवे गात आहोत असे कोणी समजू नये. याच डोंगरपट्ट्यातील कातकरी उचल घेऊन वीटभट्टीवर जातो, तेव्हा तो ना जमिनीचा धनी असतो ना स्वतःच्या श्रमाचा. सावकाराच्या कर्जात बुडालेला शेतकरीही नावाचाच मुखत्यार. गाव म्हणजे स्वातंत्र्य आणि शहर म्हणजे दास्य, अशी सोपी वाटणी करणारे बहुधा स्वतः गावात राहिलेले नसतात. आमचे म्हणणे एवढेच की, भाकरी आणि मुखत्यारी या दोन निरनिराळ्या गरजा आहेत, आणि पहिली भागली म्हणून दुसरी आपोआप भागत नाही.

याचा पुरावा कोणास हवाच असेल तर तो लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत मिळेल. १९८५ साली तेथील दहा हजारांहून अधिक नोकरांची पाहणी सुरू झाली. मायकेल मार्मट हे तिचे प्रमुख संशोधक. पाहणीतले सारेच कायम नोकरीतले, त्यांत दरिद्री म्हणावा असा कोणी नव्हता. तरीही खालच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराचे प्रमाण वरच्यांपेक्षा अधिक आढळले. पुढे १९९७ साली संशोधकांनी दाखवून दिले की, आपल्या कामावर आपला ताबा किती, या एका गोष्टीशी त्या तफावतीचा फार मोठा भाग निगडित होता. साहेबाच्या डोक्यावर जबाबदारीचा भार म्हणून साहेबाचेच हृदय आधी थकत असेल, ही आपली भाबडी समजूत. प्रत्यक्षात ज्याला काहीच ठरविता येत नाही तो आधी थकतो. आमच्या कारकून वाचकांना हे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

लंडनपर्यंत जावयासही नको. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेले निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन पडले, आणि १९४९ साली त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकीतल्या त्या लोकांनी पापड-लोणची विकली, शिवणयंत्रे चालविली, लहानसहान कारखाने थाटले. त्यांतील काही धंद्यांच्या सचोटीविषयी विनोद पुष्कळ झाले. त्यांत शिरण्याचे येथे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, विस्थापित मनुष्याला आपला मार्ग आपण निवडण्यास थोडी जागा मिळाली तर तो किती लवकर ताठ उभा राहतो. त्यांच्यापाशी पिढीजात व्यापाराचे ज्ञान होते व ते येथे उपयोगी पडले. बारवीकाठच्या माणसाचे पिढीजात ज्ञान त्याच्या शेताबरोबर बुडाले. हा फरक नियतीचा म्हणून सोडून देता येणार नाही, कारण धरण नियतीने बांधलेले नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास लागते. शेत साऱ्या घराचे असते, नोकरी एकाची. ज्या जमिनीवर दोघे भाऊ, त्यांच्या बायका आणि म्हातारी आई अशी सारी खपत, तिच्या बदल्यात एका नावाची नेमणूक येते. ते नाव कोणाचे, यावरून घरोघरी कलह माजला तर नवल नव्हे. त्यातही घरातील स्त्रीचे काय? आवणी ती लावीत होती, रानभाजी व शेतातली भाजी बाजारात नेऊन चार पैसे स्वतःच्या हाताने मिळवीत व खर्चीत होती. नेमणूकपत्र पुरुषाच्या नावे निघाले की तिच्या हाती उरते ते नवऱ्याने दिले तर.

१९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो मोबदल्याचा आकडा वाढवून घेण्यासाठी नव्हता. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. बारवीचे मूळ धरण त्याच्या चार वर्षे आधीचे. त्याच १९७६ साली घटनेत ४३-अ हे कलम घालण्यात येऊन कारखान्यांच्या व्यवस्थापनात कामगारांस सहभाग देण्याचे धोरण राष्ट्राने स्वीकारले. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत किती ठिकाणी कामगाराला आपल्या यंत्राविषयी, आपल्या पाळीविषयी चार शब्द बोलता येतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

म्हणून महामंडळाकडे व पाणी उचलणाऱ्या पालिकांकडे आमची मागणी अशी आहे. ज्यांच्या नेमणुका झाल्या त्यांना शिक्षण देऊन केवळ झाडू व कुदळ यांपलीकडील कामांसाठी पात्र करावे, आणि कामाची जागा व पाळी ठरविताना त्यांची इच्छा विचारावी. नेमणूक कोणाच्या नावे व्हावी हे ठरविताना घरातील स्त्रियांची संमती लेखी घ्यावी. ज्यांना शेती किंवा लहान धंदाच करावयाचा आहे त्यांना पैशाबरोबर जमीन, पाणी व काही वर्षे पाठीशी उभे राहणारे साहाय्य मिळावे. जलाशयातील मासेमारीवर पहिला हक्क त्याच्या काठी उरलेल्या गावांच्या सहकारी संस्थांचा मानावा. आणि धरणांची उंची वाढविण्याचे वा नवी धरणे बांधण्याचे पुढील आराखडे जेव्हा मेजावर येतील, तेव्हा पहिली बैठक मंत्रालयात न घेता ज्या पाड्याचे शेत बुडणार आहे त्या पाड्यावर घ्यावी.