कच्च्या टाक्याचे पैसे कोण देणार?

गडबहून एका गटाचे पत्र आले आहे. बाळांच्या दुपट्यांचा अख्खा गठ्ठा व्यापाऱ्याने परत पाठवला, कारण एका दुपट्याच्या काठात टाचणी राहून गेली होती. टाचणी एका दुपट्यात, परत आले सगळे. वर जाण्यायेण्याचे भाडे गटाच्याच माथी. पत्रात शेवटी विचारले आहे की, पट्टी पालटून मागे आणल्यावर तुरपाई होईपर्यंत ती धरायची तरी कशाने?

टाचणी निघालेला माल परत आला, यात व्यापाऱ्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. तान्ह्या मुलाच्या अंगावर घालायच्या वस्तूत टाचणी म्हणजे टाचणीच. पण त्याच व्यापाऱ्याचे दरपत्रक आम्ही पाहिले. जोडकाम आहे, धावदोरा आहे, पट्टी लावणे आहे, तुरपाई आहे. कच्चा टाका कुठेच नाही. का, तर माल तपासताना तो दिसत नाही. काढून टाकायच्या टाक्याचे पैसे कसले? आणि ज्याचे पैसे नाहीत ते काम वगळून बायका टाचण्या टोचतात, त्यात नवल काय?

हिशेब करू. ६० × ९० इंची गोधडीचा घेर ३०० इंच. दर तीन इंचांवर एक टाचणी धरली तर १०० टाचण्या. शंभर टोचल्या तर शंभर निघाल्या हे मोजूनच डबी बंद करायला हवी. रात्री अकराला, सकाळच्या टेम्पोची घाई असताना कोण मोजते? त्यात गडब पडले खारेपाटात. खाडीची दमट हवा. पावसाळ्यात टाचणी दोन रात्री कापडात राहिली की पांढऱ्या अस्तरावर गंजाचा ठिपका उमटतो आणि तो धुऊन जात नाही. म्हणजे टाचणी विसरली तरी माल परत, आठवणीने काढली तरी डाग.

दुसरे उपाय आहेत. प्लास्टिकचे चिमटे चांगले. सपाट बाजू खाली ठेवा, म्हणजे गोधडी मांडीवर नीट बसते. हाताने तुरपाई करणारीला एका वेळी वीतभर काठ धरला तरी पुरतो, त्यामुळे डझनभर चिमटे पुढे सरकवत नेले की झाले. केसांच्या टिकटिक पिनाही चालतात, रंग उडेपर्यंत. धुऊन जाणारा गोंद ठिपक्याठिपक्याने लावून इस्त्रीने वाळवला तर मशीनवर पट्टी हलत नाही, मात्र ओला राहिला तर सुई चिकटते. तांदळाची खळ जुनी नि स्वस्त, पण कोकणात तिची खोड माहीत असू द्या. माल धुऊन खडखडीत वाळवल्याशिवाय बांधला तर बुरशी येते, कसर लागते.

जुन्या वाकळीला हा प्रश्नच नव्हता. काठ आधी आत दुमडायचा आणि धावदोरा काठापासून मधोमध आणत जायचा. यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांची कवंदी अशीच बाहेरून आत शिवली जाते. काठ शेवटी लावायची पद्धत आपण बाजारासाठी उचलली, तेव्हा तिचा वेळही बाजारानेच मोजला पाहिजे.

आमचे मत स्वच्छ आहे: विकायच्या मालाला कच्चा टाका. पांढरा सुती दोरा, गाठ न मारता, इंचाइंचाचा टाका, तुरपाईच्या रेषेपासून दोराभर आत, म्हणजे ओढताना अडकत नाही. रंगीत दोरा नको, त्याचे तंतू मागे राहतात. कोपऱ्याच्या घडीला एक जादा टाका. हात बसलेल्या बाईला सगळा काठ टाचायला पाऊण तास लागतो. तो पाऊण तास फुकट का?

व्यापारी कराकडे बोट दाखवतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या सुती गोधडीवर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेली की १८. अडीच हजारांवर कर १२५ रुपये; किंमत एका रुपयाने वाढली की ४५०! रुपयासाठी सव्वातीनशे रुपयांची उडी घेणारी ही पायरी ज्यांनी आखली, त्यांनी गोधडी कधी शिवलेली दिसत नाही. दुकानदार किंमत २,४९९ वर अडवून धरतो आणि कात्री लावतो हातकामाला. वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या गटाला नोंदणीच लागत नाही, तरी पायरीचा मार खातो तोच. या पायरीवर हातकामाच्या संस्थांनी अजून एक निवेदनही धाडलेले आमच्या ऐकिवात नाही. सत्कार समारंभ मात्र चालू आहेत.

तेव्हा सरकारची वाट पाहू नका. पुढच्या ऑर्डरपासून बिलावर ‘काठ टाचणे’ अशी वेगळी ओळ घाला आणि तिच्यापुढे आकडा लिहा. शेजारचा गट तेच काम फुकट करून देत असेल तर आधी त्याच्याशी बोला. दर पाडणाऱ्या आपल्यातही आहेत, हे झाकून उपयोग नाही. प्रत्येक गटाने आपल्या दरपत्रकाची नक्कल आमच्याकडे पाठवावी. गटाचे नाव न घेता सगळे दर पुढच्या अंकात शेजारी शेजारी छापू.