संकोच घरी ठेवा, शुगरची चिठ्ठी सोबत न्या

मुकुंदवाडीच्या एक मावशी वीस वर्षांपासून बाळ-बाळंतिणींची मालिश करतात. सकाळी तीन घरे, दुपारी दोन. मागच्या महिन्यात त्यांच्या लेकीने पहिल्या पगारातून आईसाठी स्पाचे कूपन आणले, तासाभराची मालिश आणि वर वाफ. मावशी ते घेऊन माझ्याकडे आल्या, दार लोटून घेतले आणि हळूच विचारले, "सिस्टर, तिथं कपडे काढावे लागतात का?"

याचे उत्तर सोपे होते. दुसरा प्रश्न अवघड निघाला. "माझ्या अंगाला हात लावताना त्या पोरीला किळस नाही ना येणार?"

वीस वर्षांत या बाईने शेकडो अंगे चोळली. तिच्या आजीला गावात बाळंतपणाला बोलावत. नाळ कापायला तिचा हात चालायचा, तिच्या हातचे पाणी मात्र चालायचे नाही. तो जुना विटाळ आता मावशींच्याच मनात बसला होता, स्वतःच्या अंगाबद्दल. मी म्हटले, मावशी, आता तर तुम्ही जायलाच पाहिजे.

विहारात विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, ही श्रीमंतांची थेरं, आपल्याला कशाला? त्यांना मी जीवकाची आठवण दिली. राजगृहात उकिरड्यावर टाकलेले ते मूल, तक्षशिलेत सात वर्षे शिकून बुद्धांचा वैद्य झाले. चुल्लवग्गात लिहिले आहे की वैशालीत भिक्खू आजारी पडू लागले तेव्हा जीवकानेच बुद्धांकडे दोन गोष्टी मागितल्या: चालण्यासाठी चंक्रमण आणि वाफ घेण्यासाठी जंताघर. बुद्धांनी दोन्हींना परवानगी दिली. देह झिजवून काही मिळत नाही हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. थायलंडमध्ये आजही मालिश करणारे काम सुरू करण्याआधी जीवकाला वंदन करतात. बँकॉकच्या वाट फो विहारात मालिशची शाळा आहे, आणि ही थाई मालिश २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. म्हणजे जालना रोडवर काचेच्या दारावर 'थाई' असे लिहिलेले दिसते, त्याच्या मुळाशी आपला जीवक आहे. उपासक हसले. पटले की नाही, माहीत नाही.

तर जा. पण तयारीने जा. स्पात जा, सलूनच्या खुर्चीत बसा किंवा गल्लीतल्या मालिशवालीला घरी बोलवा, तयारी एकच.

सगळ्यात आधी शुगर. वॉर्डात असताना मी एक बाई पाहिल्या. पंधरा वर्षांची शुगर, तळपाय बधिर. कुठेतरी गरम दगडांचा शेक घेतला. चटका बसला तो त्यांना कळलाच नाही. घरी आल्यावर फोड दिसला, त्यावर हळद लावली, आठ दिवस काढले. आमच्याकडे आल्या तेव्हा अंगठा काढावा लागला. म्हणून ज्यांना शुगर आहे त्यांनी आदल्या रात्री आरसा घेऊन तळपाय बघावेत. चीर, फोड, जखम असेल तर पायाला हात लावू द्यायचा नाही. गरम दगड, गरम पाण्याची पिशवी, उकळते तेल यांना सरळ नाही म्हणायचे. तेल किती गरम आहे ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचे, बधिर पायावर नाही. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी जाऊ नका. हलके खाऊन दीड-दोन तासांनी जा. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पाय फार दुखत. नानकचंद रत्तू त्यांचे पाय दाबून देत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही त्यांनी दाबले. पाय दाबून घेण्यात कमीपणा कसला?

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, हाताला गरम लागते, तर मालिश अजिबात नको. तिथे शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाते आणि माणूस दगावतो. आधी घाटीत दाखवा. रक्त पातळ करण्याची गोळी, नुकतेच मोडलेले हाड, ताप, गरोदरपण, कॅन्सरचे उपचार, यांतले काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. गजकर्ण असेल तर आधी ते बरे करा, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाला प्रसाद मिळेल. बीपीवाल्यांनी वाफेच्या खोलीत जाऊ नये, आणि मालिशनंतर झटकन उठू नये, भोवळ येते.

आता पुरुषांसाठी, कारण हे पान तेही वाचतात असे मी धरून चालते. दाढी झाल्यावर सलूनमध्ये मान कडकन मोडून घेण्याची हौस असते. मेंदूला रक्त नेणाऱ्या शिरा मानेतूनच जातात. त्या झटक्याने शीर फाटून लकवा होऊ शकतो, तरण्याताठ्यालाही. डोके चोळू द्या, मानेला झटका नको.

कपड्यांचे म्हणाल तर, स्पात बहुतेक ठिकाणी एकदाच वापरायची चड्डी देतात आणि अंगावर चादर असते. जेवढ्या भागाला तेल लावायचे तेवढाच उघडा करतात. तुम्हाला परकर ठेवायचा असेल तर ठेवा. बाईसाठी बाईच हवी, हे फोनवरच सांगा. दर आधी विचारा, पावती मागा, दागिने घरी ठेवा. आतून कुलूप लावणारी जागा किंवा दर सांगायला टाळाटाळ करणारी जागा दिसली तर परत फिरा. स्पा म्हटले की पोलिसांच्या धाडीची बातमी आठवते, ती भीती खोटी नाही. पण अशा बातमीवरून तिथे राबणाऱ्या प्रत्येक पोरीला नावे ठेवू नका. आपल्याही लेकी पार्लरमध्ये, स्पात नोकरी करतात. कुणी नको तिथे हात लावला तर "थांबा" म्हणायचा हक्क जसा तुमचा, तसाच गिऱ्हाइकाला "हात आवरा" म्हणायचा हक्क तिचाही आहे.

गोळ्यांची नावे, शुगरचा शेवटचा आकडा, दुखणारी जागा, नको असलेली जागा, एवढे एका चिठ्ठीवर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर लेकराकडून लिहून घ्या.

मावशी तशी चिठ्ठी घेऊन गेल्या. कूपनमध्ये वाफ होती. बीपी आहे म्हणून ती नको म्हणाल्या, त्याऐवजी पायांना दहा मिनिटे जास्त मागितली, आणि मिळाली. दुसऱ्या दिवशी मी विचारले, कसं वाटलं? म्हणाल्या, "झोप लागली गं. पोरगी मिझोरामची होती, हात चांगला होता. फक्त अंगठा जरा आडवा पडत होता तिचा. उठल्यावर मी तिला धरून दाखवला."