पॅथॉलॉजी विभागाचे सत्कार आणि तुमचा रिपोर्ट

एखाद्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल कधी हातात आला, तर त्यातलं पॅथॉलॉजी विभागाचं पान वाचून पाहा. विभागाला अमुक लाखांचा संशोधन प्रकल्प मंजूर, तमुक सरांची संघटनेच्या अध्यक्षपदी निवड, दोन मॅडमना परिषदेत उत्कृष्ट निबंधाचं पारितोषिक, नवे सहयोगी प्राध्यापक रुजू, वर्षभरात इतके शोधनिबंध प्रसिद्ध. शेजारी शाल-श्रीफळाचा फोटो. अभिनंदनाला माझी हरकत नाही, कष्ट करणाऱ्याचं कौतुक व्हायलाच हवं. माझा आक्षेप त्या पानावर काय मोजलं जातं याला आहे. जे मोजलं जातं त्याच्या मागे पैसा आणि बढती जाते. तुमचा कॅन्सरचा रिपोर्ट मात्र जे मोजलं जात नाही त्यावर उभा असतो.

हे जरा उलगडून सांगतो, कारण बहुतेक रुग्णांना पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवीची तपासणी एवढंच ठाऊक असतं.

समजा एखाद्या बाईंच्या स्तनातली गाठ काढली. ती गाठ फॉर्मलिनमध्ये ठेवतात, म्हणजे ती कुजत नाही आणि पेशी जशाच्या तशा राहतात. मग तिचे काप घेतात, त्यातलं पाणी काढून मेणात बसवतात. हा झाला ‘ब्लॉक’. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे कापून काचेवर घेतात, रंगवतात, आणि मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पुढे ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या होतात. कोणतं औषध द्यायचं हे त्यांवरून ठरतं.

आता यातली मेख पाहा. गाठ शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये जायला हवी आणि तिथे किमान 6 व जास्तीत जास्त 72 तास राहायला हवी, असा या तपासण्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. फॉर्मलिन आत शिरतं तासाला साधारण 1 मिलिमीटर. अख्खा स्तन न कापता तसाच डब्यात टाकला तर वरून सगळं छान दिसतं आणि आतली गाठ खराब होत राहते. डबा लहान आणि फॉर्मलिन कमी असेल तरी तेच. अशा तुकड्यावर ईआर खोटं ‘निगेटिव्ह’ येऊ शकतं. मग ज्या बाईंना पाच-दहा वर्षं साध्या गोळ्यांनी फायदा झाला असता, त्यांना त्या गोळ्या कधी मिळतच नाहीत. चूक झाली हे कोणाला कळतही नाही, कारण रिपोर्ट छापील असतो, त्यावर सही-शिक्का असतो आणि हर-टूची स्लाइडही नीट रंगलेली दिसते.

ती गाठ वेळेवर चिरून ठेवतो कोण? कधी शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टर, कधी निवासी डॉक्टर, कधी डबे घेऊन जिने चढणारे मामा. पुढे मायक्रोटोमवर वर्षानुवर्षं बसून हात सरावलेले टेक्निशियन. वार्षिक अहवालात यांतल्या कोणाचं नाव तुम्हाला आढळलं तर मला जरूर कळवा.

आता बढतीकडे या. भारतीय वैद्यक परिषदेने 2009 मध्ये प्राध्यापकांच्या बढतीला शोधनिबंध जोडले आणि 2015 मध्ये खुलासा काढला. फक्त मूळ संशोधनाचे लेख धरायचे, केस रिपोर्ट धरायचे नाहीत, आणि लेखकांच्या यादीत नाव पहिलं किंवा दुसरं असेल तरच धरायचं. नंतर नियम सैलावला आणि पहिले तीन लेखक चालू लागले. शिक्षकाने संशोधन करावं ही अपेक्षा चुकीची नाही. पण ही मोजपट्टी आपल्या विषयातल्या एका खऱ्या शोधाला लावून बघू.

1952 साली ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईहून एक छोटं टिपण प्रसिद्ध झालं. तीन माणसांचं रक्त कुठल्याच ज्ञात गटात बसेना, त्याबद्दलचं. आज जग त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतं. या लोकांच्या लाल पेशींवर ‘एच’ नावाचा पायाच नसतो, त्यामुळे त्यावर ‘ए’ किंवा ‘बी’ची इमारत उभी राहत नाही. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ वाटतं, पण अशा माणसाला ‘ओ’ रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. भारतात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगितलं जातं. त्या टिपणाचे लेखक क्रमाने होते भेंडे, देशपांडे, भाटिया, आणि त्यानंतर इंग्लंडमधले सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स.

2015 चा नियम लावा. भाटिया तिसरे, म्हणजे बाद. पुढे हेच भाटिया मुंबईत रक्तगटांच्या संशोधनाचे मोठे जाणकार ठरले, पण बढतीच्या फायलीत या शोधासाठी शून्य गुण. सैल केलेला नियम लावा, तरी रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस बाद. रक्तगटांच्या क्षेत्रात त्या काळी या जोडीच्या तोडीची नावं जगात फार नव्हती. आणि तीन माणसांवरचं टिपण हे ‘मूळ संशोधन’ की नुसता ‘केस रिपोर्ट’, यावर छाननी समितीने चहाचे दोन कप संपवले असते.

हा शोध आला कुठून, हेही बघा. रोजच्या गटतपासणीत काहीतरी जुळत नव्हतं आणि कोणीतरी ‘असेल काहीतरी’ म्हणून ते सोडून दिलं नाही, म्हणून. वसंत रामजी खानोलकरांचंही तसंच. त्यांनी सूर्याबाईंबरोबर 1945 मध्ये भारतातल्या सवयींशी जोडलेल्या कॅन्सरांवर निबंध लिहिला. धोतराची गाठ वर्षानुवर्षं काचते त्या जागी होणारा कॅन्सर त्यातलाच. बायोप्सीबरोबर हा माणूस काय नेसतो, काय चघळतो हे विचारल्याशिवाय असं संशोधन होत नाही. खानोलकरांना पद्मभूषण मिळालं आणि ते योग्य जागी गेलं. आजच्या बायोप्सीच्या फॉर्मवर मात्र बऱ्याचदा वय आणि ‘गाठ?’ यापलीकडे काही लिहिलेलं नसतं. सर्जन घाईत, निवासी डॉक्टर घाईत, आणि आमच्याकडेही फोन करून विचारायला वेळ नाही, कारण शोधनिबंध द्यायची तारीख जवळ आलेली.

मोजणी लागली की बाजार उभा राहतो. शुल्क भरा आणि आठवड्यात छापून घ्या, अशी नियतकालिकं सगळ्यांनाच माहीत आहेत. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या मान्य यादीत शिरलेल्या, पण मोठ्या सूच्यांमध्ये नसलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची असू शकतात, असा तिचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी यूजीसीने यादीतून 4,305 नावं काढून टाकली. ती यादी सर्वच विषयांची होती, एकट्या वैद्यकाची नव्हे, पण रोग तोच. पुरस्कारांचंही काही वेगळं नाही. ‘आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क अमुक’ अशा ईमेल माझ्याही पेटीत येतात. मी एकदा गंमत म्हणून उत्तर पाठवलं की मी पॅथॉलॉजिस्ट नाही. निवड कायम राहिली.

याउलट टोकाचं उदाहरण कोलकात्याचं. शंभूनाथ डे हे तिथे पॅथॉलॉजीचे प्राध्यापक होते. लंडनला रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली पीएचडी करून ते 1949 मध्ये परतले. कॉलरात माणूस मरतो तो नेमका कशाने, हा प्रश्न कॉखने 1884 मध्ये कोलकात्यातच जंतू ओळखला तेव्हापासून अडलेला होता. जंतूचं विष असावं असा कॉखचा अंदाज होता, पण ते विष कोणाला दाखवता येत नव्हतं. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्यात कॉलराचे जंतू सोडले. तुकडा पाण्याने टम्म फुगला. चटर्जी यांच्याबरोबरचा हा निबंध 1953 चा. मग जंतू गाळून काढून उरलेलं नुसतं पाणी तसंच सोडलं, तरी तेच झालं. म्हणजे विष आहे, आणि ते आतड्यातच काम करतं. हा निबंध ‘नेचर’मध्ये 1959 साली आला, लेखक एकटे डे. साहित्य काय लागलं? ससे, दोरा, गाळणी, आणि प्रश्न नीट विचारणारं डोकं.

डे 1973 मध्ये निवृत्त झाले. भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही. 1978 मध्ये स्वीडनमधल्या नोबेल परिसंवादाला त्यांना बोलावणं आलं, नोबेल विजेत्या जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवलं, आणि 1985 मध्ये डे वारले. ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला तो 1990 साली. कोणाचा निबंध किती जणांनी उद्धृत केला हे मोजण्याचं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्या युजीन गारफिल्ड यांनाही 1986 मध्ये लिहावं लागलं की या कामाचं मोल सुरुवातीला ओळखलं गेलं नव्हतं. म्हणजे मोजपट्टी बनवणाऱ्यालाच तिची ढिलाई दिसली होती. आपण मात्र तीच पट्टी घेऊन दर वर्षी विभागाची उंची घेतो.

या गोष्टीतून चुकीचा धडा काढणारेही आहेत, आणि ते नेमके खुर्चीवर असतात. ‘बघा, डे यांनी दोऱ्यावर काम केलं, तुम्हाला कशाला निधी हवा?’ हे मी एका बैठकीत ऐकलेलं आहे. निधी हवाच. पण तो कशासाठी मिळतो ते पाहा. प्रकल्पातून यंत्र येतं, फीत कापली जाते, फोटो निघतो. तीन वर्षांनी प्रकल्प संपतो, त्याबरोबर कंत्राटी टेक्निशियनची नोकरी संपते, देखभालीच्या कराराला पैसे नसतात, रसायनं मुदत संपून पडून राहतात. यंत्रावर प्लॅस्टिकचं झाकण येतं, आणि त्या झाकणावर पुढे फायली. इकडे रोजच्या फॉर्मलिनची खरेदी निविदेत अडकलेली असते. ब्लॉक ठेवायला जागा नसते, म्हणून ते खोक्यांत भरून जिन्याखाली जातात. पाच वर्षांनी त्याच रुग्णाचा कॅन्सर उलटला आणि नवी औषधं लागू पडतील का हे बघायला जुना ब्लॉक हवा असला, की शोधाशोध सुरू. तो ब्लॉक संशोधनाचाही कच्चा माल आहे, हे निधी देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही असं मला वाटत नाही. जिन्याखालच्या खोक्याचं उद्घाटन करता येत नाही, इतकंच.

‘मग संशोधन मोजायचंच नाही का?’ असं काही वाचक विचारतील, आणि त्यांच्या हातात आकडाही आहे. डॉ. सामिरन नंडी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये देशातल्या 579 वैद्यकीय संस्थांचं 2005 ते 2014 या काळातलं संशोधन तपासलं. त्यातल्या 332 संस्थांतून दहा वर्षांत एकही निबंध आलेला नव्हता. हे लाजिरवाणं आहे, मला मान्य आहे. पण त्यावरचा उपाय म्हणून प्रत्येक शिक्षकाला दोन-चार निबंधांचा रतीब घालायला लावला, तर निबंध येतील, संशोधन येईलच असं नाही. एमडीचे थीसिस दर वर्षी येतातच की. कपाटं भरली आहेत.

मी अहवालातलं ते पान फाडा म्हणत नाही. त्यावर आणखी चार गोष्टी छापा, एवढंच म्हणतो. बायोप्सी आल्यापासून रिपोर्ट जायला किती दिवस लागले. किती तुकडे फॉर्मलिन न घालता किंवा नावाशिवाय आले. किती रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरने पुन्हा पाहिले आणि त्यात किती बदलले. हा शेवटचा आकडा छापायला धैर्य लागतं, आणि ज्या विभागात तो शून्य असेल त्यावर माझा विश्वास बसणार नाही. शिवाय दहा वर्षांपूर्वीचा ब्लॉक किती वेळात सापडतो, तेही छापा. बढतीच्या फायलीतही हे लिहिता यावं. आणि संशोधनासाठी ज्याने हजार पापुद्रे कापले, त्या टेक्निशियनचं नाव लेखकांत घालायला कोणताही नियम आड येत नाही, पहिल्या तिघांची जागा सोडून दिली की झालं.

तुमच्यापुरतं एक करता येईल. घरात कोणाचा स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट असेल तर तो काढा आणि त्यावर गाठ फॉर्मलिनमध्ये किती वाजता ठेवली, किती तास ठेवली, हे लिहिलंय का बघा. नसेल तर विभागात जाऊन विचारा. ईआर निगेटिव्ह आलं असेल आणि ही वेळ कुठेच नोंदलेली नसेल, तर औषध ठरण्यापूर्वी तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांशी बोला. तपासणी दुसऱ्या ब्लॉकवर किंवा सुईने काढलेल्या पहिल्या बायोप्सीवर पुन्हा करून घेता येते. सुईचा तुकडा बारीक असतो, त्यात फॉर्मलिन लवकर शिरतं. दुसऱ्या मतासाठी ब्लॉक मागितला तर तो द्यायला हवा. सापडत नाही असं उत्तर मिळालं, तर ते लेखी मागा.