आजाराची नोंद प्राचार्यांच्या टेबलावर कशाला?

संपादक महोदय,

'महाविद्यालय हेच विद्यार्थ्याचे पालक. म्हणून आरोग्य केंद्रातील नोंदी प्राचार्यांना खुल्या असाव्यात' हे आपल्या लेखकाचे म्हणणे कायद्याला धरून नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी सज्ञान असतो. वैद्यक परिषदेच्या 2002च्या नियमांनुसार मागणी आल्यास 72 तासांत कागद द्यायचे ते रुग्णाला, त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीला किंवा कायदेशीर यंत्रणेला. या यादीत प्राचार्य, वॉर्डन कुठेच नाहीत. फी महाविद्यालयाने घेतली म्हणून विद्यार्थ्याची तब्येत महाविद्यालयाच्या मालकीची होत नाही.

आत्महत्या रोखण्याचा लेखकाचा मुद्दा गंभीर आहे, पण त्यासाठी वाट आधीच आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मधील कलम 23 गोपनीयतेचा हक्क देते आणि जिवाला धोका असल्यास तो टाळण्यापुरती माहिती सांगण्याची मुभाही देते. त्यापुरतीच, अख्खी फाईल नव्हे. क्षयरोगाचेही तसेच: त्याची नोंद बंधनकारक आहे, मात्र ती आरोग्य यंत्रणेकडे जाते, सूचना फलकावर नाही. धारणी-चिखलदऱ्याहून अमरावतीच्या वसतिगृहात आलेल्या मुलीने पाळीची तक्रार रजिस्टरात लिहायची आणि रांगेत मागे उभ्या असलेल्याने सही करताना ती वाचायची, अशी सोय असेल तर ती केंद्रात येणारच नाही. मग प्राचार्य पाहणार तरी काय? लेखकाला काळजीच असेल तर त्यांनी आधी ते उघडे रजिस्टर बंद करण्याची मागणी करावी.

आपला,
एक वाचक, अमरावती