वऱ्हाडचा कापूस आणि खांदेरीचा दीपस्तंभ

१/ शेलूबाजारपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मग वाशीम जिल्ह्यातल्या इतिहासप्रेमींनी एका दीपस्तंभाकडे का वळावे? उत्तर एका सालात दडले आहे: १८६७. 🧵

२/ अलिबागजवळच्या थळसमोरील खांदेरी बेट मुंबई बंदराच्या वाटेवर आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी येथे दुर्ग बांधावयास घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही अस्वस्थ झाले. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी इंग्रजांशी झुंज देत बेट राखले.

३/ १७१८ मध्ये, कान्होजी आंग्रे यांच्या काळात, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याची खांदेरीवरील मोहीम फसली. अखेर १८१८ मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेले.

४/ १८६७ मध्ये तेथे दीपस्तंभ उभा राहिला. ज्या खडकावरून शत्रूची गलबते हेरली जात, त्याच खडकावरून आता व्यापारी जहाजांना वाट दाखवली जाऊ लागली. जागेचे मोल तेच होते; धनी बदलला होता.

५/ त्याच वर्षी रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी अंमलाखाली होते. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे धाव घेतली. युद्ध संपताच भाव कोसळले. रूळ मात्र राहिले.

६/ रेल्वेसाठी दीपस्तंभ बांधला, असा दावा येथे नाही. परंतु कापसाच्या गाठी रुळांवरून मुंबईस जात, तेथून जहाजांत चढत, आणि त्या जहाजांना सुरक्षित वाट हवी असे. रूळ आणि दिवा ही एकाच साम्राज्याच्या व्यापाराची दोन टोके होत.

७/ आज खांदेरीची ओळख बहुधा छायाचित्रांतून होते: काळा खडक, फेसाळ लाटा, वेताळाचे देऊळ, तटापलीकडचा मनोरा. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले; २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेशां’तील बारा दुर्गांपैकी एक म्हणून खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत आली.

८/ हा गौरव सार्थच आहे. मात्र त्या झगमगाटात दीपस्तंभ केवळ शोभेची वस्तू ठरू नये. दुर्ग स्वराज्याची सागरी दृष्टी सांगतो; दिवा सांगतो, की ती दृष्टी गमावल्यावर या भूमीचे पीक कोणाच्या सोयीने परदेशी गेले.

९/ म्हणून खांदेरीचा इतिहास एकट्या कोकणाचा नाही. ज्या गावाच्या नावातच ‘बाजार’ आहे, तेथील अभ्यासकांनी विचारावे: आपल्या शेतातला कापूस कोणत्या वाटेने गेला, आणि त्या वाटेवर दिवा कोणी लावला?