गोळी बंद होण्यापूर्वी
भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालकांस अनावृत पत्र



माझ्या थोरल्या बंधूंना कंपवात जडून सहा वर्षे झाली; त्याआधीच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असल्यामुळे कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिनची गोळी ते नेमाने घेत असत, आणि गेल्या चैत्रात ‘कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांनाच हा रोग होतो’ असे कोणा हितचिंतकाने सांगितल्यावरून ती त्यांनी घरात कोणासही न कळविता बंद केली. ही हकिकत आपल्या कानी घालण्याचे कारण असे की, ज्या विधानाने ते भ्याले ते निराधार नव्हते, अपुरे होते.

रॉटरडॅम येथील दीर्घकालीन निरीक्षणात रक्तातील कोलेस्टेरॉल अधिक असलेल्या स्त्रियांत कंपवात कमी आढळल्याचे 2006 साली प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी फिनलंडमधून नेमका विरुद्ध निष्कर्ष आला. परंतु हाताला कंप सुटण्यापूर्वी कित्येक वर्षे हा रोग शरीरात वावरत असतो, वास येईनासा होतो, मलावरोध जडतो, अनेकांचे वजनही उतरते. तेव्हा रक्तातील घटलेले कोलेस्टेरॉल हे रोगाचे कारण की त्याचीच पूर्वछाया, याचा निवाडा एकवेळच्या रक्ततपासणीवरून व्हावा कसा? शिवाय मेंदू आपल्याला लागणारे कोलेस्टेरॉल स्वतःच निर्माण करतो, रक्तातले जवळजवळ घेतच नाही. स्निग्ध द्रव्यांचा या रोगाशी संबंध आहे हे मात्र खरे: पेशीतील एका स्निग्ध द्रव्याचे विघटन करणाऱ्या जीबीए या जनुकात दोष असला की कंपवाताचा धोका वाढतो, पण तो बिघाड पेशीच्या आत घडतो, लिपिड प्रोफाइलच्या कागदावर उमटत नाही. ब्रिटनमध्ये 235 कंपवातग्रस्तांवर सिम्व्हास्टॅटिनची परीक्षा झाली, तिचा निष्कर्ष 2022 साली आला, आणि त्या औषधाने रोगाची गती मंदावत नाही, असे ठरले. म्हणजे स्टॅटिन हा कंपवातावरचा इलाज नव्हे, हृदयासाठी मात्र तिची गरज पूर्वीइतकीच आहे.

1911 पासून वैद्यकीय संशोधनाची धुरा वाहणाऱ्या आपल्या संस्थेस माझी विनंती आहे की, कंप सुटण्याच्या कैक वर्षे आधीपासून भारतीय स्त्रीपुरुषांच्या रक्तातील स्निग्धांशाची नोंद ठेवणारे निरीक्षण हाती घ्यावे, आणि तोवर मराठीसह सर्व देशी भाषांत एक साधा खुलासा प्रसृत करावा: डॉक्टरांना विचारल्यावाचून हृदयरोग्याने स्टॅटिन थांबवू नये.